आठ तासांचं भांडण

ठाण्यात मासुंदा तलावाच्या कठड्याजवळ आमचा कट्टा आहे. शुक्रवारी साडेसातनंतर ज्याला जमेल तो येतो. परवा विषय काढला बंड्याने. शूटिंगला जनरेटरची गाडी पुरवणाऱ्या एकाकडे तो ड्रायव्हर आहे, त्यामुळे सेटवरचं त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

"दीपिकाला त्या पिक्चरमधून काढलं ते बरोबरच केलं," तो म्हणाला.

मे 2025 मध्ये दीपिका पदुकोण 'स्पिरिट' या चित्रपटातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या आणि त्यासोबत दिवसाला आठच तास काम करण्याच्या तिच्या मागणीचा विषय निघाला. तेव्हा तिची मुलगी आठ महिन्यांची होती. मग सप्टेंबरमध्ये 'कल्की 2898 एडी'च्या निर्मात्यांनी जाहीर केलं की पुढच्या भागात ती नसेल, एवढ्या मोठ्या चित्रपटाला बांधिलकी लागते. त्या एका शब्दावरून आमच्याकडे दीड तास वादावादी झाली.

बंड्याचा हिशेब सरळ होता. "जनरेटर, लाइटी, क्रेन, लोकेशन, सगळं शिफ्टच्या भाड्यावर असतं. हिरोईन सहाला निघून गेली की बाकीच्या दीडशे माणसांनी काय करायचं? मग शूटिंगचे दिवस वाढतात. ते वाढीव पैसे कोण भरणार? बाईंच्या मानधनातून तर कोणी कापत नाही."

मुद्दा खोटा नाही. निर्मात्याचा पैसा दिवसाच्या हिशेबात जळतो, हे मलाही मान्य आहे.

बापूंनी लगेच त्याची री ओढली. बापू वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेत. "कोट्यवधी घ्यायचे, व्हॅनिटी व्हॅन घ्यायची, पोराला सांभाळायला दोन बाया. वर आठच तास! माझी सून सकाळी सातला लोकल पकडते, तिला कोण विचारतं?"

"तेच तर म्हणतेय मी, बापू. सुनेला कोणी विचारत नाही म्हणून जिला विचारतात तिनेही गप्प बसायचं का?" मी म्हटलं. "आणि अक्षय कुमार किती वर्षं स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आठ तास काम आणि रविवारी सुट्टी. तेव्हा आपण कट्ट्यावर काय म्हणालो? माणूस शिस्तीचा आहे. त्याची बांधिलकी काढली का कोणी?"

बंड्या म्हणाला, तो पहाटे येतो, वेळेवर येतो, कामाचा उरक आहे. असेल. पण पहाटे चारला तो उठून निघतो तेव्हा घरात मूल रडलं तर उठायला दुसरं कोणीतरी असतं. पुरुषाच्या बांधिलकीचे अर्धे तास घरातली बाई भरते. बाईने बांधिलकी दाखवायची तर ते तास कोणी भरायचे, हे निर्मात्यांच्या जाहीर निवेदनात नव्हतं.

एवढ्यात वहिनी आल्या. त्या घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर हेअरड्रेसर आहेत. शिफ्ट बारा तासांची, जाणं-येणं धरून पंधरा. खांद्यावरची पिशवी त्यांनी कठड्यावर ठेवली, त्यात लिटरभराची पाण्याची बाटली होती. सकाळी भरलेली, अजून गळ्यापर्यंत. मी विचारलं, आज काय झालं? त्या म्हणाल्या, आजचं काही नाही, आउटडोअर असलं की मी पाणी पीतच नाही. जायला जागा नसते.

हे मी आधी वाचलेलं होतं, समोर बसून पहिल्यांदा ऐकलं. केरळमध्ये न्यायमूर्ती हेमा समितीने हेच लिहून ठेवलंय. 2017 मध्ये एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर तिथल्या सिनेमातल्या बायका एकत्र आल्या, त्यांनी सरकारकडे मागणी केली आणि समिती नेमली गेली. 2019 च्या अखेरीस अहवाल सरकारच्या हातात पडला, लोकांसमोर आला थेट ऑगस्ट 2024 मध्ये. त्यातल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांवर आठवडाभर चॅनेलवर आरडाओरडा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्याच अहवालात हेही आहे की सेटवर संडास नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत. त्यावर कुठल्या चॅनेलने चर्चा ठेवली? मला हे फार लागतं. बाईचा प्रश्न बातमी व्हायला आधी तिच्यावर भयंकर काहीतरी व्हावं लागतं.

वहिनींनी त्यांच्या लाइनीतली गोष्ट सांगितली. मुंबईच्या सिनेसृष्टीत कितीतरी वर्षं मेकअप करायचं युनियनचं कार्ड फक्त पुरुषांना मिळायचं. बाईने केस करायचे, चेहऱ्याला हात लावायचा नाही. का, तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट मोडीत काढली. "मेकअप शिकलेली एक मुलगी कोर्टात गेली म्हणून. आमच्यातल्या कितीजणी त्याआधी मेकअप येत असून केसच विंचरत राहिल्या," वहिनी म्हणाल्या.

बंड्याने त्यांनाच विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हिरोईन लवकर गेली तर तुम्हाला काय फायदा?"

"अरे, ती सहाला निघाली तर विग काढून, सामान आवरून मी सातला निघते. ती साडेनऊला निघाली तर मला घरी पोचायला अकरा वाजतात. माझी वेळ तिच्या वेळेला बांधलेली आहे. लाइटवाल्यांचं सांगू शकत नाही, ते राहतातच मागे."

लाइटवाले मागे राहतात, हे त्या बोलल्या नसत्या तर बंड्याने धरलंच असतं. आठ तास एकीचे झाले म्हणजे सगळ्यांचे झाले, असं मीही म्हणणार नाही.

मग मी माझं सांगितलं. याआधी कट्ट्यावर कधी काढलं नव्हतं. माझी मुलगी झाली तेव्हा मी एका खासगी कंपनीत होते. 2017 च्या कायद्याने बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. आमच्याकडे दोनशेवर माणसं होती. पाळणाघर कागदावर. मी पाळणाघरही मागितलं नव्हतं, फक्त दूध काढायला कडी लागेल अशी एक खोली मागितली. उत्तर आलं, "मॅडम, आधी कोणी मागितली नाही." चार महिने मी स्टेशनरीच्या स्टोअररूममध्ये झेरॉक्सच्या कागदांच्या रिमांवर बसून दूध काढलं. दाराला आतून कडी नव्हती, पाय दाराला टेकवून बसायचे. बाहेरून कोणी ढकललं की छातीत धस्स व्हायचं.

आधी कोणी मागितली नाही. म्हणून मला दीपिकाचं मागणं महत्त्वाचं वाटतं. तिचा एक चित्रपट गेला, दोन गेले, तिची चूल विझत नाही. वहिनींनी मागितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी उभी असते. जिला मागणं परवडतं तिने मागावं, भर चौकात मागावं, म्हणजे पुढच्या कुणाला 'आधी कोणी मागितली नाही' हे ऐकावं लागणार नाही.

बापू बराच वेळ तलावाकडे बघत होते. मग म्हणाले, "'कल्की'ची ती बातमी आली त्याच सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे नऊ तास बारावर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तेच राहतील म्हणतात. पण बारा तास मशीनवर उभं राहून बघा म्हणावं." लोखंड्यांचं नाव त्यांनीच काढलं. नारायण मेघाजी लोखंडे, आपल्या ठाण्यातच जन्मलेले. गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. "तेव्हाही मालक म्हणत असतील, गिरणी बंद राहिली तर नुकसान कोण भरणार," बापू म्हणाले. सुनेला रोज किती तास होतात, ते घरी जाऊन विचारतो, असंही म्हणाले.

बंड्याला हे पटलं नाही. "लोखंडे कामगारांसाठी लढले. ही स्वतःपुरतं मागतेय," म्हणाला. मी म्हटलं, स्वतःपुरतं मागितलं तरी चालेल मला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. उद्या पहाटे पाचला गाडी लोकेशनवर लावायची होती. फोन खिशात ठेवून तो थांबला आणि बोटांवर मोजायला लागला. सोमवारी पंधरा, मंगळवारी चौदा, बुधवारी सोळा. गुरुवारचे त्याला आठवेनात.