तास विचारले तर खरेच सांगा

कोण काय काम करतं, किती तास करतं, हे घरोघरी विचारणाऱ्या श्रमबल पाहणीचा सरकारी माणूस आला की लोक दार लावून घेतात, असं तुमच्या लेखात लिहिलंय. खरं आहे ते. आमच्या कोल्हापूरजवळच्या उचगावच्या घरी या पाहणीच्या बाई आल्या, तर आईनं "आम्हाला काय नको" म्हणून परत पाठवलं. मी जिन्यातनं हाक मारून बोलावून आणलं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे करायला) आहे, कंत्राटी, नऊ वर्षं. बाईंनी टॅबवर विचारलं, नेमणुकीचं लेखी पत्र आहे का? भरपगारी रजा? पीएफ? तिन्हीला नाही. मागच्या आठवड्यात रोज किती तास काम केलं, यावर मी सवयीनं "आठ" म्हणून गेलो. बायको आतनं म्हणाली, "मग दोन डबे कशाला नेताय?" तेव्हा एकेक दिवस आठवून सांगितला. सोमवार बारा, मंगळवार बारा, बुधवारी भट्टी बंद होती म्हणून आठ. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, आम्हाला साधाच मिळतो.

ही पाहणी २०१७ पासून चालू आहे, २०२५ पासून तिचे आकडे दर महिन्याला येतात. आता एका घरी सलग चार महिने येतात. मालकाला कळेल ही भीती मलाही होती. पण घरी येऊन विचारतात, मालकाकडनं नाही. ओळखपत्र बघा, चहा द्या, आणि हजेरी कार्डावरचे नव्हे, खरे तास सांगा.