बुद्ध युरोपात गेले नव्हते, त्यांची गोष्ट गेली

दीक्षाभूमीवरून मंडळी परतल्यापासून आपल्या विहाराच्या ग्रुपवर जुन्या पोथीतलं एक सोनेरी चित्र फिरतंय. मुकुटवाला राजपुत्र, समोर कुष्ठरोगी आणि आंधळा. खाली मजकूर : ‘बुद्ध युरोपात गेल्याचा पुरावा’.

तसं नाही जी. तो जोसाफत, ख्रिस्ती संत. गोष्ट मात्र मुळात सिद्धार्थाचीच. अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असं करत तिकडच्या मठांत पोचलेली. नावच बघा. बोधिसत्त्वाचं अरबीत ‘बूदासफ’ झालं. त्या लिपीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ब’खाली एक ठिपका, ‘य’खाली दोन, बाकी अक्षर सारखंच. नकलताना एक ठिपका वाढला अन् ‘यूदासफ’ झाला, पुढे जोसाफत! रोमच्या जुन्या संतयादीत त्याचा दिवसही आहे, २७ नोव्हेंबर.

ती पोस्ट मीही पुढे ढकलली होती. काढली.