परत आलेले सहा किलो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वजन उतरवण्यासाठी मी करून घेतलेल्या जठराच्या शस्त्रक्रियेवरील माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि उत्तर द्यायला आठवडा घेतला, कारण तिच्यात रागापेक्षा काळजी अधिक आहे हे शेवटच्या दोन ओळींवरून कळत होते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपण स्वतः चालणे आणि आहार यांच्या जोरावर दोन वर्षांत २२ किलो वजन उतरवले आहे आणि ते टिकवले आहे. त्यामुळे जठराचा धडधाकट भाग कापून टाकणे ही आपल्याला पळवाट वाटते. मी उतरवलेल्या ३६ किलोंपैकी ६ किलो परत आले, यावरून ही पळवाटसुद्धा फसवी आहे असा निष्कर्ष आपण काढता. आणि माझा लेख वाचून आपली धाकटी बहीण शस्त्रक्रियेचा विचार करू लागली असल्यामुळे त्याची जबाबदारी माझ्यावर येते, असेही आपण लिहिले आहे.

शेवटच्या मुद्द्यातले एक आधी मान्य करते. परत आलेल्या वजनाचा उल्लेख मी त्या लेखात अगदी शेवटी, एका वाक्यात केला होता आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल जेमतेम तीन ओळी लिहिल्या होत्या. निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने तो लेख वाचला, तर त्याला चित्र आहे त्यापेक्षा उजळ दिसेल, हा आपला आक्षेप रास्त आहे. ती उणीव इथे भरून काढण्याचा प्रयत्न करते.

‘पळवाट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी त्या दिवसांत परत जावे लागेल. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. त्याच संध्याकाळी मला उभे करून चालवले गेले, कारण पायांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेनंतरचा एक गंभीर धोका असतो. दुसऱ्या दिवशी हातात औषध मोजायची प्लास्टिकची पेली आली, ३० मिलिलिटरची. तेवढे पाणी घोट घोट करत पंधरा मिनिटांत संपवायचे आणि दिवसाकाठी दीड लिटर पोटात जायला हवे, असे सांगितले होते. हिशेब करून पाहा : पन्नास पेल्या, म्हणजे साडेबारा तास. घरी आल्यावर मी उशाशी वही ठेवली होती आणि प्रत्येक पेलीमागे एक रेघ ओढत असे. पहिल्या आठवड्यात एकाही दिवशी पन्नास रेघा झाल्या नाहीत, आणि ४१व्या रेघेशी डोळे मिटल्याचे अजून आठवते. अंगात पाणी कमी पडून पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागणे हे या काळात नवलाचे नसते.

पातळ पदार्थांवरून मऊ पदार्थांवर आले तो दिवसही सांगते. उकडलेले अर्धे अंडे कुस्करून घेतले होते. दोन चमचे सुखाने गेले, तिसरा गेला आणि छातीच्या हाडामागे कुणीतरी मूठ आवळल्यासारखी कळ आली, तोंडाला पाणी सुटले, घाम फुटला आणि वीस मिनिटांनी सगळे उलटून पडले. चाळीस वर्षे मी पोट भरल्यावर थांबत आले होते. आता पोट भरण्याच्या एक घास आधी थांबायला शिकायचे होते, आणि तो घास कोणता हे घास गेल्यावरच कळत असे. चौथ्या आठवड्यात काटा सतरा दिवस एका जागी थांबला. सुरुवातीला उतरणाऱ्या वजनात शरीरातील साखरेचा साठा आणि त्याला धरून असलेले पाणी यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे असे थबकणे अपेक्षितच असते. पण ते तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते आणि माझीच शस्त्रक्रिया फसली असे समजून मी रडले होते. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. शरीराला मोठा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. बहुतेकांचे ते परत येतात, माझेही आले. पण कंगव्यात रोज मूठभर केस पाहताना ‘येतील परत’ हे वाक्य पुरेसे पडत नाही.

आता इच्छाशक्तीबद्दल. शस्त्रक्रियेआधी मी दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे १४ किलो, आहार आणि व्यायामानेच उतरवले होते आणि दोन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. त्या काळात माझी भूक वाढलेली असे, आणि ही मनाची समजूत नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवले होते आणि त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले. वर्षभरानंतर पुन्हा मोजले, तेव्हाही भूक वाढवणारे ग्रेलिन चढलेले होते, तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरके उतरलेली होती आणि लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. म्हणजे वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला कंबर कसते आणि वर्ष झाले तरी कंबर सैल करत नाही. ज्यांना या ओढीविरुद्ध वजन टिकवता येते, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्यांत आपण आलात. परंतु सगळ्यांच्या शरीराची ओढ सारखी नसते, हे मात्र आपण लक्षात घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

शस्त्रक्रिया नेमकी या ओढीवर काम करते. जठराचा जो भाग स्लीव्हमध्ये काढतात, तिथेच ग्रेलिन मुख्यतः तयार होते, त्यामुळे त्याची पातळी खाली येते. अन्न लहान आतड्यात लवकर पोहोचते आणि तिथून जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर जास्त प्रमाणात सुटतात. (केवळ ग्रेलिनला सगळे श्रेय देणेही बरोबर नाही, ज्या उंदरांच्या शरीरात ग्रेलिन बनतच नाही, त्यांचेही वजन स्लीव्हनंतर उतरल्याचे दिसले आहे.) मला ते असे जाणवले : सहाव्या आठवड्यात दुपारचे दोन वाजले तेव्हा लक्षात आले की सकाळपासून मी अन्नाचा विचारच केलेला नाही. आयुष्यात अशी शांतता मी प्रथम अनुभवत होते. आपण तिला पळवाट म्हणता. माझ्या दृष्टीने, ज्या माणसाच्या कानाशी जन्मभर भोंगा वाजत होता त्याला दोन वर्षे तो भोंगा मंद करून मिळाला आणि त्या दोन वर्षांत नव्या सवयी बसवायची संधी मिळाली, असे ते आहे.

दोन वर्षे असे मी म्हणते, कारण भूक परत येते. माझी विसाव्या महिन्याच्या आसपास आली. आणि इथे सहा किलोंचा मुद्दा येतो. शस्त्रक्रियेआधी माझे वजन ११८ किलो होते, दीड वर्षाने ८२ झाले, आज चौथ्या वर्षी ८८ आहे. म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे ३० टक्के उतरले होते, आज उतरलेले २५ टक्के आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार लोक आणि न केलेले तितकेच लोक यांचा अनेक वर्षे माग ठेवला गेला. तिथे बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत उतरले आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावले. त्या पाहणीत स्लीव्ह नव्हती, पण वजनाच्या आलेखाचा आकार माझ्यासारखाच आहे : खोल उतार, मग थोडी चढण, मग सपाटी. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन त्याच काळात जवळपास होते तिथेच राहिले. शिवाय २००७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, वय आणि इतर जोखमींचा हिशेब केल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. त्या गटांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे या आकड्यावर शंका घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण ‘सहा किलो परत आले म्हणजे सगळे वाया गेले’ हे त्यातून निघत नाही.

त्या सहा किलोंतला माझा वाटा मी झाकत नाही. नळीसारखे जठर एका बैठकीला किती मावेल एवढेच ठरवते. मऊ, गोड किंवा पातळ पदार्थ तिच्यातून सहज सरकतात आणि दर तासाला दोन घास खाल्ले तर ती कुठेच अडवत नाही. तिसऱ्या वर्षी घरातल्या एका दीर्घ आजारपणात माझ्या जेवणाच्या वेळा विस्कटल्या, मी असेच येता-जाता खात राहिले आणि स्नायू टिकवण्यासाठी चाललेला वजने उचलण्याचा व्यायाम सुटला. सहाव्या किलोला मी आहारतज्ज्ञांकडे परत गेले. पहिल्या किलोला जायला हवे होते; लाज वाटली म्हणून गेले नाही. ‘शस्त्रक्रिया करूनसुद्धा’ या दोन शब्दांची ती लाज होती, आणि आपल्या प्रतिक्रियेतही ते दोन शब्द आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते. दमा उलटला तर माणूस डॉक्टरकडे जातो. वजन उलटले तर तोंड लपवतो.

ज्या धोक्यांबद्दल आपण लिहिले नाही, त्यांच्याविषयी मला अधिक बोलायचे आहे. मला रुग्णालयातून सोडताना एक पान हाती दिले होते, त्यावर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची नावे होती. त्या कधीपर्यंत घ्यायच्या, हे लिहिलेले नव्हते आणि मीही विचारले नाही. सहा महिन्यांनी, तब्येत उत्तम म्हणून, मी त्या थांबवल्या. दुसऱ्या वर्षी तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या, जिना उतरताना पायरी नीट जाणवेना. बी १२ फार खाली गेले होते. इंजेक्शनांनी ते सावरले, मुंग्या जायला मात्र कित्येक महिने लागले, आणि उशीर झाला असता तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकली असती. या गोळ्या जन्मभराच्या आहेत : बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बाकीचे. त्यातही लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता दोन तासांचे अंतर ठेवायचे असते. सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी १, काही आठवड्यांत संपू शकते आणि मेंदूला इजा होऊ शकते. तिथे ‘बघू दोन दिवस’ चालत नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते, आणि कापलेले जठर परत जोडता येत नाही, हे शंभर टक्के खरे आहे. बायपास झालेल्यांना मद्य लवकर चढते आणि २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी मद्याच्या विकाराचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेलेले दिसले. मृत्यूचा धोका कमी आहे, शून्य नाही : अमेरिकेतील सुमारे पावणेपाच हजार रुग्णांच्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांत ०.३ टक्के रुग्ण दगावले होते.

आता आपल्या बहिणीविषयी. तिचे वजन किती आणि आजार कोणते हे मला माहीत नाही, त्यामुळे तिने काय करावे हे मी सांगणार नाही. २०२२ साली सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी जाहीर केलेल्या मार्गदर्शनानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३५ किंवा अधिक असेल तर इतर आजार नसतानाही शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि ३० ते ३५ दरम्यान, मधुमेहासारखे विकार असतील तर, विचारात घेतली जाते. आशियाई वंशाच्या लोकांसाठी या मर्यादा आणखी खाली आहेत. सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी औषधेही आता आहेत आणि तिने त्यांबद्दल जरूर विचारावे, मात्र ती बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले आहे. सर्जनला भेटायला जाल तेव्हा छातीतल्या जळजळीचा तिचा पूर्वेतिहास आधी सांगा, कारण त्यावरून स्लीव्ह की बायपास हे बदलू शकते. मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात आणि वजन उतरताना गर्भधारणेची शक्यता उलट वाढते, हे तिला आधीच ठाऊक असावे. आणि दोन वर्षांनी रक्ततपासणी कोण पाहणार, कोणाकडे जायचे, हे नावानिशी विचारून घ्या. ज्या ठिकाणी या प्रश्नाला नीट उत्तर मिळणार नाही, तिथे मी शस्त्रक्रिया करून घेणार नाही.

मूळ लेखात मी आजच सहा किलोंचा, गोळ्यांचा आणि मुंग्यांचा भाग अगदी सुरुवातीला घातला आहे. तो तिला पुन्हा वाचायला सांगा. आणि तिने शेवटी शस्त्रक्रिया करायचेच ठरवले, तर आपला विरोध कायम ठेवूनही पहिला आठवडा तिच्याजवळ राहा. त्या पेल्या भरून द्यायला आणि रेघा ओढायला कुणीतरी लागते. रात्री नऊच्या पुढे तर फारच.