टिप किती ठेवायची, एकदा रेट सांगून टाका

मराठी माणूस कंजूष असतो असं जे म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. आपल्याला पैसे द्यायचा त्रास होत नाही, किती द्यायचे हे माहीत नसलं की त्रास होतो. दिवाळीची पोस्त घ्या. वॉचमन, पेपरवाला, कचरेवाला, सगळ्यांचे आकडे वर्षानुवर्षं ठरलेले, मागच्या दिवाळीला दोनशे दिले होते तर यंदा अडीचशे, आणि समोरच्या जोश्यांनी पाचशे दिले असं कळलं की सगळ्या बिल्डिंगने मिळून जोश्यांवर चिडायचं. हॉटेलातही तेच. बिलाच्या फोल्डरमधे बडीशेप-खडीसाखर यायची आणि उरलेले पैसे वेटर बरोब्बर दहा-दहाच्या नोटांत आणायचा, त्यातल्या दोन-तीन नोटा विसरल्यासारखं करून उठायचं, विषय संपला. आता स्कॅन करायचं आल्यापासून उरलेले पैसे नावाचा प्रकारच राहिला नाही, वेटर बिचारा बडीशेपेच्या वाटीकडे बघत उभा राहतो आणि आपण फोनमधे तोंड घालून सटकतो.

तर अशा तयारीचे आम्ही, म्हणजे मी, बायको, बायकोची मोठी बहीण आणि तिचे मिस्टर म्हणजे माझे साडू, 2025 च्या उन्हाळ्यात सिॲटलला गेलो. साडूंची मुलगी सई तिकडे असते. साडू बँकेतून रिटायर झालेत आणि त्यातून युनियनवाले, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्याच. पैशाचा हिशोब टॅली झाल्याशिवाय झोप नाही आणि कामगारावर अन्याय झाला तरी झोप नाही.

पहिल्याच सकाळी कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने गोड हसून आयपॅड गर्रकन आमच्याकडे वळवला. त्यावर मोठ्या चौकोनांत 18, 20, 25 टक्के, आणि खाली अगदी औषधाच्या बाटलीवरच्या एक्स्पायरी डेटएवढ्या अक्षरात ‘नो टिप’. कॉफी आम्ही रांगेत उभं राहून घेतली, टेबलावर आम्ही नेली, साखर आम्ही घातली, कप आम्हीच कचऱ्यात टाकणार, मग 25 टक्के कशाचे? पण मागे सहा माणसं रांगेत, मुलगी मुद्दाम दुसरीकडे बघतेय (ते दुसरीकडे बघणं फार वाईट असतं, सरळ बघितलं असतं तर निदान वाद घालता आला असता), साडूंचं बोट वीस आणि नो टिप यांच्यामधे हवेत थरथरतंय, आणि शेवटी सईने मागून हात घालून वीसवर टॅप केलं. साडू म्हणाले, “हे तर परीक्षेत दुसऱ्याने पेपर लिहिल्यासारखं झालं.”

घरी आल्यावर सईने त्यांना बसवून समजावलं की बाबा, इथे वेटरचा पगारच टिप धरून ठरवतात, फेडरल म्हणजे इथल्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे टिप घेणाऱ्याला मालकाने तासाला फक्त 2 डॉलर 13 सेंट दिले तरी चालतात, बाकीचं गिऱ्हाईक देतं, आणि टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर वरचे मालकाने घालायचे. हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. साडू खुर्चीतून उठलेच. “1991? म्हणजे मनमोहनसिंगांच्या त्या बजेटच्या साली जो पगार होता तोच? डीए नाही?” सई म्हणाली नाही. “महागाई भत्ता नाही आणि संप नाही?” त्या दिवशी दुपारी साडूंनी सिॲटलमधे भेटेल त्याला पंचवीस टक्के दिले.

संध्याकाळी त्यांना कुठूनतरी कळलं की वॉशिंग्टन राज्यात ती 2.13 ची भानगडच नाही, इथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळतं, आणि सिॲटल शहरात ते त्या साली तासाला 20 डॉलर 76 सेंट होतं. साडूंनी ते गुणिले आठ केलं, मग गुणिले सव्वीस, मग रुपयांत, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्यात भर म्हणजे याच राज्याने 1909 मधे टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली होती. तेव्हाच्या लोकांना वाटायचं ही युरोपातल्या उमरावांची थेरं आहेत, लोकशाहीत शोभत नाहीत. बंदी चार वर्षांत उठली. साडूंना त्या कायद्याबद्दल अजूनही हळहळ वाटते.

एक मात्र त्यात गमतीचं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना रेल्वेच्या झोपायच्या डब्यांमधे पोर्टर म्हणून ठेवलं आणि पगार इतका कमी दिला की टिपेवरच घर चालायचं. म्हणजे मालकाने द्यायचे पैसे प्रवाशाकडून, तेही हसून, अदबीने, “सर” म्हणत मिळवायचे. त्या पोर्टर लोकांनी 1925 मधे युनियन काढली आणि 1937 मधे कंपनीकडून करार करून घेतला. युनियन हा शब्द ऐकून साडू पुन्हा खुलले.

मग अलास्काची क्रूझ. जूनो, स्कॅगवे, केचिकॅन, आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. व्हिक्टोरियाला बोट ऐन संध्याकाळी जाऊन चार तासांत परत निघते, तर लोकांना वाटतं तिथली फुलबाग दाखवायला नेतात. खरं कारण 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरातून निघून मधे परदेश न करता अमेरिकेत उतारू सोडता येत नाहीत, आणि या मोठ्या क्रूझबोटी बहुतेक सगळ्या बहामा नाहीतर पनामा असल्या देशांत नोंदवलेल्या असतात. झेंडा बहामाचा म्हटल्यावर अमेरिकेचं किमान वेतन बोटीवर लागू नाही. इथे मग टिप आली, पण आयपॅड वळवून वगैरे नाही, सरळ खात्यात. साध्या केबिनला माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर, आपोआप, शिवाय कोकची बाटली घेतली तरी वर 18-20 टक्के वेगळे. अठरा धरले तर सात रात्रींचे दोघांचे 252 डॉलर, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास.

आता बघा, इथे रेट सांगितला होता. छापून दिला होता. ज्याच्यासाठी आपला आयुष्यभर जीव खालीवर होतो तो आकडा समोर होता. आणि आम्ही चौघंही एका सुरात म्हणालो, “हे कोण ठरवणार किती द्यायचे ते?”

साडूंकडे तर कायदा तयार होता. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मधे सांगितलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च 2025 मधे दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. बहामाच्या झेंड्याखाली अलास्काच्या समुद्रात दिल्ली हायकोर्ट कसं लागू होणार असं मी विचारलं तर म्हणाले तत्त्व तत्त्व असतं. बोटीवर ‘गेस्ट सर्व्हिसेस’ म्हणून एक काउंटर असतं, तिथे जाऊन सांगितलं तर ही रक्कम कमी करून मिळते, ही माहिती त्यांनी पहिल्याच रात्री मिळवली होती. फक्त तिथे कायम रांग असायची आणि साडूंना रांगेत उभं राहायचं तर जेवणाची वेळ चुकायची.

आणि जेवण चुकवणं शक्य नव्हतं, कारण आमच्या टेबलाचा वेटर निघाला मडगावजवळचा. पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकून म्हणाला, “काका, तुमी मुंबयचे?” बाप पण बोटीवरच होता, गोव्यात अशांना तारवटी म्हणतात. दुसऱ्या रात्रीपासून साडूंच्या ताटाशेजारी न मागता एक छोटी बशी यायला लागली, त्यात हिरवी मिरची बारीक चिरून, वर मीठ, आणि लिंबाची फोड. समोर सॅल्मन असो नाहीतर कसला पास्ता असो, बशी हजर. साडू त्या बशीकडे ज्या नजरेने बघायचे त्या नजरेने त्यांनी ग्लेशियरकडेही बघितलं नाही.

बोलता बोलता त्याच्याकडून कळलं, एकेक कॉन्ट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचं, रोज दहा-बारा तास, मधे आठवड्याची सुट्टी नाही. ते खात्यातले पैसे वाटले जातात ते फक्त त्याला नाही, केबिन आवरणारे, आणि खाली भांडी धुणारे, लाँड्रीवाले, जे आपल्याला दिसतच नाहीत त्यांनाही. साडूंनी विचारलं, “साप्ताहिक सुट्टी नाही म्हणजे? अजिबात नाही?” आणि मिरचीची बशी बाजूला सरकवली. मला तेव्हाच कळलं की आता गेस्ट सर्व्हिसेसला ते जाणार ते वेगळ्याच कामाला.

गेले ते शंभराच्या नोटा सुट्या करायला. कारण पाकीट द्यायचं म्हटल्यावर पन्नास कसे देणार? एक्कावन्न. दोन पाकिटं, दोन्हीत एक-एक डॉलरची नोट वर. वेटरने दोन्ही हातांनी घेतलं, त्याला काही सांगावं लागलं नाही. पण केबिन आवरणारा फिलिपिन्सचा मुलगा अर्ध्या तासाने दार वाजवत आला, हातात ती एक डॉलरची नोट, म्हणे सर, ही चुकून आली. त्याला ‘शुभ’ समजवायला आम्ही चौघं लागलो. हाच मुलगा रोज रात्री टॉवेलची घडी घालून पलंगावर प्राणी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती केला आणि त्याला साडूंचा वाचायचा चष्मा लावला, तर ताईंनी “अगं बाई, गणपती!” म्हणून हात जोडले आणि नंतर तो टॉवेल अंग पुसायला कोणालाही घेऊ दिला नाही. शेवटी चालत्या बोटीवर उत्तरपूजा कशी करायची यावर दोघी बहिणींची चर्चा झाली.

पैशाचं असं सुरळीत झालं, पण शेवटच्या रात्री खरी पंचाईत आली. सर्व्हे. फोनवर फॉर्म येतो, स्टाफला मार्क द्यायचे. साडूंनी वेटरला अभिमानाने दाखवलं, “हे बघ, तुला दहापैकी आठ दिलेत.” पोराचा चेहरा पडला. “काका, आठ म्हणजे आमच्याकडे नापास.” साडूंना पटेचना. आठ म्हणजे डिस्टिंक्शन! दहापैकी दहा, पैकीच्या पैकी, हे काय असतं? सईला बारावीला कोणी दिले नाहीत. आमच्याकडे जेवण अप्रतिम झालं तर “बरं झालंय” म्हणतात आणि त्यावर करणारी बाई दिवसभर खूश असते. एक्कावन्न डॉलर खिशातून काढताना ज्या माणसाचा हात थांबला नाही तो आठाचे दहा करताना पाच मिनिटं बसून राहिला. दिले शेवटी. खाली शेऱ्याच्या जागी मात्र ‘गुड’ एवढंच लिहिलं, मला म्हणाले जास्त लिहिलं तर खोटं वाटतं.

सिॲटलच्या विमानतळावर पाण्याची बाटली घेतली. दुकानात माणूस नाही, आपणच मशीनवर स्कॅन करायचं, आणि पैसे भरताना स्क्रीनवर आलंच, टिप ठेवणार का. साडू म्हणाले, “फ्रीज मी उघडला, स्कॅन मी केली, पिशवीत मी घातली, टिप मला द्या,” आणि इतक्या जोरात ‘नो’ दाबलं की पलीकडच्या मशीनवरचा माणूस दचकला.

येताना दोन रात्री टोकियोला थांबलो. तिथे टिप नाही. टॅक्सीवाल्याला नाही, हॉटेलात नाही, कुठेच नाही, जास्तीचे ठेवले तर मागे धावत येऊन परत देतात. साडूंना वाटलं हाच तो स्वर्ग. टॅक्सीचं दार आपोआप उघडलं, पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरने येनच्या शेवटच्या नाण्यापर्यंत सुटे परत केले, हॉटेलच्या मुलीने वाकून नमस्कार करून, पावसाचं बघून छत्री हातात दिली. आणि रात्री साडूंना झोप येईना. “अरे एवढं करतात आणि आपण नुसतेच? टॅली कसं होणार हे?”

तोडगा ताईंनी काढला. बॅगेत बाकरवडी होती, सईसाठी नेलेली. सईने “आई, इथे सगळं मिळतं” म्हणून अर्धा खाऊ परत पाठवला होता. सकाळी एक पुडा रिसेप्शनवरच्या मुलीला दिला. टिप नाही, आपल्या गावचा खाऊ. तिने आधी नको नको केलं, मग दोन्ही हातांनी घेतला, तीनदा वाकली. आम्ही खूश. संध्याकाळी परत आलो तर काउंटरवर आमच्या नावाचा एक डबा, सुंदर कागदात गुंडाळलेला, आत मिठाईचे छोटे छोटे तुकडे, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. भेटीला परतभेट द्यायची ही तिकडची पक्की रीत आहे हे आम्हाला कुठे माहीत.

ताई म्हणाल्या, “आता शेजारणीचा डबा रिकामा परत करतात का कुठे?” आणि तिला शेंगदाण्याची चिक्की दिली. दुसऱ्या दिवशी चेक-आउटला तिने चार जणांना चार कागदी पंखे दिले. बाहेर टॅक्सी उभी, विमानाला उशीर होतोय, बायको मला सामान उचला म्हणून खुणावतेय आणि ताई भर लॉबीत बॅग उघडून लिंबाच्या लोणच्याची बाटली शोधतायत, साडू शेजारी उभे राहून फोनवर बघतायत, की ‘थोडंच घे, तिखट आहे’ याला जपानीत काय म्हणतात.