हळदीचा निळा नवरा

फोटो एडिटिंगच्या परिषदेत पडद्यावरच्या मॉडेलचा चेहरा कधी बिघडलेला नसतोच. मऊ उजेड, करडी पार्श्वभूमी, १४ बिटची रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न आवळलेली नोंद), म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. गालावर पुटकुळी एकच, तीही मंचावर शिकवणाऱ्या सरांनी पुसावी म्हणून राखून ठेवलेली. समोर खुर्च्यांवर बसलेत कळवा, ऐरोली, घणसोलीचे लग्नाचे फोटो काढणारे. त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये आगरी हळद आहे: पिवळा नवरा, जांभळे डीजे लाइट आणि २५६ पायऱ्यांची जेपेग.

वाशीला परिषद असली तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल बरी, आणि पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड हवाच. सभागृहात ज्ञान मुबलक असतं, प्लग पॉइंट मोजके, आणि त्यांवर भिंतीकडच्या मंडळींची वहिवाट.

मुख्य तमाशा म्हणजे फोटोशॉपमधलं फ्रीक्वेन्सी सेपरेशन: त्वचेचा पोत एका लेअरवर (थरावर) आणि रंग दुसऱ्यावर काढायचे, म्हणजे एकाला हात लावताना दुसरा बिघडत नाही. सर ते दीड मिनिटात करतात, तेही मॅकवर. ते कमांड-ऑप्शन म्हणतात, आपण कंट्रोल-ऑल्ट हुडकेपर्यंत पुढची पायरी संपलेली असते. म्हणून इथे सावकाश सांगतो. कंट्रोल-जे दोनदा दाबून फोटोच्या दोन प्रती करा. वरची बंद ठेवा, खालचीला गॉसियन ब्लर देऊन ती धूसर करा. मग वरची चालू करून तिच्यावर अप्लाय इमेज: लेअरमध्ये खालची प्रत, ब्लेंडिंग सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. शेवटी वरच्या प्रतीचा मोड लिनिअर लाइट. हे ८ बिटचं झालं. १६ बिटला ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०.

हे आकडे पंचांगातून आलेले नाहीत. मूळ फोटोतून धूसर फोटो वजा केला की उत्तर उणे २५५ ते अधिक २५५ यांत कुठेही येतं. ते ० ते २५५ मध्ये बसवायला निम्मं करायचं आणि १२८ मिळवायचे. लिनिअर लाइट हीच घडी पुन्हा उलगडतो. म्हणून सगळं केल्यावर फोटो होता तसाच दिसला पाहिजे. 'सर, काहीच झालं नाही' अशी तक्रार करणाऱ्याचंच बरोबर आलेलं असतं.

घोळ होतो तो लेअरच्या चौकटीत 'मर्ज्ड' तसंच राहिल्यावर. मग वरची प्रत स्वतःतूनच वजा होते, सपाट करडी होते आणि पडद्यावर उरतो नुसता ब्लर. अशा वेळी निम्मं सभागृह आधी चष्मा पुसतं.

ब्लर किती? सर म्हणतात ८. ते २४ मेगापिक्सेलच्या, चेहऱ्याने भरलेल्या फ्रेमसाठी ठीक. आहेराच्या ग्रुप फोटोत चेहरे इवलेसे, तिथे २-३ पुरे. खरं माप डोळ्यांनीच घ्यायचं: त्वचेची छिद्रं जेमतेम दिसेनाशी व्हावीत, पण नाक नाकासारखं राहावं. जास्त ब्लर केलात तर पुढे रंग सारखा करताना नथीचं सोनं गालावर उतरतं. आणि वरच्या प्रतीवर डाग बुजवणारा हीलिंग ब्रश चालवताना सॅम्पल 'करंट लेअर' ठेवा, नाहीतर डाग जाऊन ठिगळ येतं.

हळदीचा विषय मंचावर निघत नाही, आणि आमच्या मते परिषद भरवावी ती त्यासाठीच. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (फोटोत पांढरं किंवा करडं काय ते सॉफ्टवेअरला दाखवणारं टोक) नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकवायचा मोह सगळ्यांना होतो. सदऱ्यावर हळद उडालेली असते. सॉफ्टवेअर त्या पिवळ्याला पांढरं मानून अख्ख्या फोटोत निळा ओततं आणि नवरदेव थेट घनश्याम होतात. ड्रॉपर भिंतीवर, स्टीलच्या ताटावर, जिथे हळद पोचली नाही तिथे टेकवा. जांभळ्या लाइटने निळा चॅनेल २५५ ला जाऊन चिकटला असेल, तर तिथला तपशील फाइलमध्येच नसतो. असे फोटो काळेपांढरे करून 'कँडिड' म्हणून द्यावेत. (धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात उपयोगी धडा हाच, याचं प्रमाणपत्र मिळत नाही.)

अल्बमचा भाग जेवणानंतर येतो, तेव्हा एसी आणि झोप दोन्ही जोरात. तरी एवढं टिपून ठेवा: १२ बाय ३६ इंचांची शीट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल भरते. घडी ५,४०० वर पडते. त्या रेघेवर नवरीचं नाक ठेवू नये.

शेवटी प्रश्नोत्तरं. प्रश्न एकच असतो: 'सर, ॲक्शन द्याल का?' ॲक्शन म्हणजे एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा आपोआप चालवायच्या पायऱ्या. सर देतात. त्यात ब्लर ८ गोठवलेला असतो, आणि सोमवारी सगळ्या वऱ्हाडावर तोच फिरतो. ॲक्शन पॅनलमध्ये गॉसियन ब्लरच्या डावीकडे, टिकच्या खुणेला लागून असलेली चौकट चालू करा, म्हणजे ॲक्शन तिथे थांबून दर वेळी आकडा विचारेल. त्यावर न बघता एंटर मारणारे आहेतच, पण त्यांच्यासाठी फोटोशॉपमध्ये अजून तरी कुठली चौकट नाही.