तीन वर्षाच्या पोराला क ते ज्ञ यायलाच पाहिजे? कुणी सांगितलं?

नर्सरीच्या ॲडमिशन जवळ आल्या की सोलापूरच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ३ वर्षाचं मूल क ते ज्ञ लिहीत नसेल तर पहिलीत मागं पडणार, म्हणून रोज हात धरून गिरवून घ्या, रेघोट्या बंद करा, डावा हात आत्ताच सोडवा. बालवाडीत शिकवते म्हणून लिहितेय, हे वाचून लोक खरंच पोरांना रडवायलेत.

आधी वयाचं बघा. मनगटात ८ छोटी हाडं असतात, ३ वर्षाच्या पोराची त्यातली बरीचशी अजून कूर्चाच (हाड होण्याआधीचा मऊ, लवचीक भाग) असतात, खडू ते मुठीत धरतं आणि तीन बोटांची पकड बहुतेकांना ४ ते ६ वर्षाच्या दरम्यान जमते. ३ वर्षाला गोल येतो, त्रिकोण यायला ५ उजाडतात, मग क्ष कुठनं काढणार ते? तोवर कणीक मळू दे, शेंगा फोडू दे, बोटं त्यानंच तयार होतात.

रेघोट्या टाइमपास म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. आमच्याकडं ४ वर्षाची एक पोरगी आईसारखी किराणाची यादी करते, नुसत्या नागमोडी ओळी, पण प्रत्येक ओळीच्या डोक्यावर आडवी रेघ मारलेली आणि बोट ठेवून वाचते, "साखर, चहा पावडर." डावीकडून उजवीकडं जायचं, वर रेघ द्यायची, लिहिलेलं वाचता येतं, हे सगळं तिला एकसुद्धा अक्षर न येता कळलंय. हेच लिहिण्याची सुरुवात आहे!

हात धरून गिरवलं की हात मोठ्या माणसाचा चालतो, पोराचा नाही. वळण दाखवा, मग त्याला करू द्या. पुढं 'पाणी'चं 'पन' लिहिलं तर लाल पेन काढू नका, आवाज ऐकून अक्षर शोधलंय त्यानं. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, त्यांना तर आधी मराठी गाणी-गोष्टी भरपूर ऐकायला मिळू द्यात.

डावा हात सोडवू नका, दहातला साधारण एक जण डावखुरा असतोच.

आणि मागं पडायचं म्हणाल तर २०२१ च्या निपुण भारतचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणिताच्या मोहिमेचं, टार्गेटसुद्धा तिसरी संपेपर्यंतचं आहे. हां, ६ वर्षाचं होऊनही पेन्सिल धरताना हात दुखतो म्हणत असेल किंवा बटणंही लावता येत नसतील तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.