‘उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या’: बाळाच्या पुरळाबद्दलच्या मेसेजला उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: लहान मुलाच्या अंगावरचं पुरळ म्हणजे आतली उष्णता, आंघोळ बंद ठेवा, पावडर लावा, पाच दिवस थांबा, नाहीच गेलं तर बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर चालणारी एकच क्रीम दुकानातून आणा.

उष्णतेचं म्हणणं फार तर घामोळ्याला लागू पडेल, आणि तिथेही काही बाहेर पडत नसतं. घामाच्या नळ्या तुंबून घाम आतच अडकतो. नवजात बाळाला पहिल्या काही दिवसांत येणारे लाल चट्टे काहीही न लावता जातात. खरजेत मात्र किडा कातडीत शिरलेला असतो: खाज रात्री वाढते, तान्ह्या बाळाच्या तळव्यांवरही फोड येतात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही तर ती परत येते. गोवरात आधी ताप, खोकला, लाल डोळे, मग चेहऱ्याकडून खाली उतरणारं पुरळ. या सगळ्यांवर एकच उपाय चालेलच कसा?

आंघोळ बंद करू नका. एक्झिमात, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजते त्या आजारात, कातडीत ओलावा टिकत नाही. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची आंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, हाच उपचाराचा पाया. पावडर नकोच, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते.

सर्वांत घातक सल्ला क्रीमचा. अशा मिश्रणात बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते आणि गुण आला असं वाटतं. पण नायटा असेल तर बुरशी पसरतच राहते, आणि तिची ओळखीची गोल कड पुसट झाल्याने पुढे डॉक्टरही चकतात. डायपरखाली तर पातळ कातडीतून औषध जास्तच शोषलं जातं. तिथे आधी जांघेची घडी उघडून पाहा. घडी स्वच्छ आणि बाहेरचा भागच लाल असेल तर लघवी-शीने कातडी चुरचुरलेली असते. डायपर वरचेवर बदला, झिंक ऑक्साइडचा जाड थर लावा. घडीतही गडद लाली आणि कडेला सुटे दाणे असतील तर बहुधा कँडिडा ही बुरशी, तिला बुरशीविरोधी मलम लागतं. (सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा करडी दिसते.) एक्झिमासाठी डॉक्टरांनी बेताचं स्टेरॉइड दिलं असेल, तर मात्र घाबरून ते बंद करू नका.

आणि ‘पाच दिवस थांबा’? काचेचा ग्लास पुरळावर दाबून बघा. ताप आहे आणि दाबूनही डाग फिके पडत नाहीत, तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची ती खूण असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. बाळ मलूल असेल, दूध घेत नसेल, तर डाग फिके पडले तरीही.